बकऱ्यांचं पाणी

वेनिंगच्या हातात जांभळा हिजाब होता आणि तोंडाचा पट्टा सुरू होता, तेवढ्यात पहिली बकरी ओरडली. ओरडली म्हणजे फोनच्या पडद्यावर उमटली. "मेंऽऽ" एवढंच कुणीतरी लिहिलं होतं.

वोनोसारी शहरातल्या त्या कपड्यांच्या दुकानात तिची नोकरीच बोलण्याची. फोन स्टँडला अडकवायचा, गोल दिव्याचा उजेड तोंडावर घ्यायचा आणि पलीकडच्या अनोळखी बायकांना दुपारभर गळ घालायची. "हा रंग उन्हात विटत नाही हं ताई, पडद्यावरच्या पिवळ्या टोपलीवर बोट दाबा, पटकन दाबा, तीनच उरलेत!" तीनच कधी उरलेले नसायचे. ते विकणारीला माहीत असतं आणि घेणारीलाही माहीत असतं, म्हणून त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

"मेंऽऽ"च्या मागून दुसरं आलं, "हिजाब कोणत्या पाण्यात धुता गं?" मग तिसरं, "हीच ना ती, पाहुण्यांना बकऱ्यांच्या पाण्याने अंघोळ घालणारी?" मग तर कळपच्या कळप आला. वेनिंगला काही उमजेना. ती हसून हिजाब फडकवत राहिली, पण वाचता वाचता तिची जीभ अडकली, कारण एकाने तिच्या आईचं नाव लिहिलं होतं. तुगिनेम. पूर्ण नाव, गावाच्या नावासकट. या देशात हरवलेली बकरी सापडणार नाही, पण कुणाचं खातं, कुणाचं घर, कुणाची आई शोधायची म्हटलं की रिकामटेकड्यांना अर्धी दुपार पुरते.

मालकिणीने येऊन दिवा बंद केला. "घरी जा पोरी," ती म्हणाली. "वादळ शमलं की ये. माझ्या दुकानावर नको."

दुकानाच्या मागच्या जिन्यात बसून वेनिंगने तो व्हिडिओ शोधला. शोधावा कसला लागतोय, तोच तिला शोधत होता. व्हिडिओत जोवांका होती. विद्यापीठाच्या गावसेवेसाठी पोरांची जी टोळी त्यांच्या गावात महिनाभर राहिली, त्यातली जकार्ताची मुलगी. राहिली कुठे, तर वेनिंगच्याच घरात. मुली आतल्या खोलीत, मुलं ओसरीवर, आणि घरच्या मायलेकी चुलीपाशी. आता ती आपल्या गार खोलीत बसून गालाला पावडर लावत लावत मैत्रिणीला सांगावं तसं सांगत होती, "ऐका ना, गावसेवेतला माझा सगळ्यात भयंकर अनुभव. हे बघा, या पाण्याने आम्ही अंघोळ करायचो. रोज!" मग एक निळा ड्रम दिसला. हिरवट-तांबूस पाणी, त्यात वळवळणारे किडे. ड्रमाच्या बाजूने वेनिंगची आई हातात तांब्या घेऊन चालली होती आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली होती, पुढचा दात नसलेलं हसू. ते हसू तिथेच थांबवून त्यावर गमतीचं संगीत लावलं होतं. "अंगभर पुरळ आलं मला," जोवांका म्हणाली. "पण बू तुगिनेम, म्हणजे या काकू, फार गोड होत्या हं. बिचाऱ्यांना स्वच्छता म्हणजे काय हेच माहीत नाही."

वेनिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो ड्रम बकऱ्यांचा होता. गोठ्यामागे ठेवलेला, तळ्यातून आणलेल्या पाण्याचा. हे जोवांकाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणेल तर त्याच्या तोंडावर फोन फेकून मारावा असं वेनिंगला वाटलं, कारण ती पोरं आली त्याच दिवशी आईने त्यांना हात धरून दाखवलं होतं. "हा ड्रम बकऱ्यांचा, याला हात लावू नका. तुमचं पाणी आत, झाकण घातलेल्या टाकीत." त्या टाकीत टँकरचं पाणी होतं. गुनुंगकिडुलच्या त्या चुनखडी डोंगरांत जुलै महिन्यात पाऊस पडत नाही, पावसाच्या पाण्याची टाकी केव्हाच तळ गाठते, आणि पाणी विकत घ्यावं लागतं. आईने त्यासाठी गाभण बकरी विकली. वडील सुमात्रात ताडाच्या मळ्यावर, त्यांचे पैसे येतील तेव्हा येतील. पाहुण्यांना पाणी आज हवं. आणि पाहुणे आतल्या टाकीतून सकाळ-संध्याकाळ धो धो अंघोळ करत होते, केस धूत होते, त्या विद्यापीठाच्या जाकिटांना साबण लावत होते, तेव्हा मायलेकी उतरणीवरच्या तळ्यावर जाऊन गढूळ पाण्यात अंग विसळून येत होत्या. कुणाला सांगितलं नाही. पाहुण्यासमोर पाण्याचं बोलू नये.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे वेनिंगने ऐकले होते. इथे तर वासे मोजून ते दुसऱ्याच घराचे म्हणून दाखवले होते. वर निरोपाच्या दिवशी हीच जोवांका आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली होती, "तुम्ही माझी दुसरी आई." त्याचाही व्हिडिओ होता. त्याला हजारभर लाल बदाम मिळाले होते, आणि त्यालाच वेनिंगचं नाव जोडलेलं होतं. तिथूनच तर कळप तिच्यापर्यंत आला.

घरी येऊन तिने आईला फोन दाखवला. आई चुलीपुढे शिंगाड्यासारखे वाळवलेले कसाव्याचे काप निवडत होती. तिने पूर्ण बघितलं. मग डोळे वर करून विचारलं, "तिच्या अंगाला खरंच पुरळ आलं का गं नडुक, पोरी?"

"म्बोक!" वेनिंग आईवर किंचाळली. "तुला एवढंच दिसलं?"

"शहरातली कातडी. कसाव्याचं टिवूल सोसलं नसेल. मी तळलेले टोळही दिले होते एकदा, त्याने काहींना येतं पुरळ."

"ती खोटं बोलतेय! तुला घाणेरडी म्हणतेय! सगळा देश तुझ्या दाताला हसतोय!"

"हसू दे," आई म्हणाली, पण तिने हात तोंडावर नेला. नंतर बोलताना तो हात तोंडावर जातच राहिला. वेनिंगला जे सहन झालं नाही ते हे.

ती संध्याकाळी ऊन असतानाच अंगणात उतरली आणि स्वतःच फोन धरून चालत निघाली. कॅमेऱ्यासमोर कसं बोलायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ही टाकी, हे झाकण, हे टँकरचं स्वच्छ पाणी, हे पिऊन दाखवते. ही वाट, हा गोठा, हा ड्रम, ह्या बकऱ्या, बघा पितायत. "जोवांका ताई, तुम्ही यात अंघोळ केलीत म्हणता, म्हणजे तुम्ही आमच्या बकऱ्यांच्या पंगतीला बसत होतात, आम्हाला कळवलं नाहीत! चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. माझ्या आईने तुमच्यासाठी बकरी विकली आणि स्वतः तळ्यावर न्हायली. तिला स्वच्छता शिकवायला निघालात, आधी तिचं मीठ खाल्लं ते तोंड धुऊन या." एका दमात बोलली आणि व्हिडिओ टाकला.

सकाळी उठून बघते तर वणवा. तिच्या बाजूने अख्खा देश उठला होता. जोवांकाचं कॉलेज, वडिलांचं ऑफिस, लहान भावाची शाळा, सगळं बाहेर काढलं होतं. ज्यांना कालपर्यंत बकरीचा आवाज काढायला मजा वाटत होती तेच आज न्यायाधीश होऊन बसले होते. आणि काय काय लिहीत होते! वेनिंगच्या बाजूने भांडणारे तिच्याहून घाण बोलत होते. एकाने जोवांकाच्या फोटोखाली जे लिहिलं ते वाचून वेनिंगने फोन उपडा ठेवला. तिला जोवांकाचं वाईट व्हायला हवं होतं, पण हे नको होतं. हे तिने मागितलं नव्हतं. पण पिवळ्या टोपलीत कोण काय टाकेल हे विकणारीच्या हातात नसतं.

तिसऱ्या दिवशी लुराह घरी आले. गावचे प्रमुख, पाक दार्यो. मऊ बोलण्याबद्दल प्रसिद्ध माणूस, इतका मऊ की बोलणं संपलं की आपलं काय गेलं ते घरी गेल्यावर कळतं. ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला, चहाचं कौतुक केलं, बकऱ्यांची चौकशी केली.

"नडुक वेनिंग," ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. पण बरोबर असणं वेगळं आणि शोभणं वेगळं. पुढच्या महिन्यात पर्यटन-गावाच्या पाहणीला जिल्ह्याची माणसं येणार. आणि आता आपल्या गावाचं नाव टाइप केलं की काय येतं? बकरी."

"ते मी केलं नाही, पाक."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू उघडलीस. त्या मुलीच्या वडिलांनी वकील गाठलाय. बदनामीची तक्रार करायची म्हणतात. मोबाइलवरून बदनामी केली की काय कायदा लागतो तुला माहीत आहे ना? तुझ्या नावाची केस झाली तर नोकरी कोण देणार? मी त्यांच्या पाया पडून त्यांना थांबवलंय. ते येतायत गुरुवारी, विद्यापीठाच्या बाई पण येतायत. आपण घरच्या घरी मिटवू, एका कुटुंबासारखं. सगळे बसू, एक व्हिडिओ करू. खुलासा. ती पण माफी मागेल, तू पण मागशील. स्टॅम्पच्या कागदावर सही, हस्तांदोलन, संपलं."

"मी कशाची माफी मागू?"

"कशाची म्हणजे," लुराह हसले, "गैरसमजाची."

आई आत बसून ऐकत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "केस म्हणजे तुरुंग का गं?" वेनिंग म्हणाली, "माहीत नाही."

हा खुलाशाचा खेळ इथे सगळ्यांना पाठ आहे. कुणी काही केलं आणि ते गाजलं, की एक टेबल येतं, मागे झेंडा, बाजूला एक हवालदार हात मागे बांधून, आणि मध्ये खाली मान घातलेला माणूस कागद वाचतो. त्याचा पोशाखही ठरलेला. पांढरा सदरा, चेहऱ्याला रंग नाही, केस मागे बांधलेले. शाळकरी पोरं मधल्या सुट्टीत खेळ म्हणून हे करून दाखवतात. वेनिंगनेही कितीदा असे व्हिडिओ बघून हसत पुढे सरकवले होते.

गुरुवारी गावच्या सभागृहात जोवांका अगदी त्याच पोशाखात आली होती. तिचे वडील मोठ्या गाडीतून उतरून घड्याळ बघत बसले. विद्यापीठाच्या बाई, बू एन्डांग, हातात कागदांची फाइल. टेबलावर खाऊचे खोके आणि पाण्याचे बंद प्लास्टिकचे पेले मांडले होते. आई कुराण-वाचनाच्या मंडळाचा हिरवा गणवेश घालून आली होती, जणू लग्नाला आलीय. आल्या आल्या ती जोवांकापाशी गेली, दंड चाचपून म्हणाली, "वाळलीस गं." जोवांकाने नमस्कारासाठी तिचा हात कपाळाला लावला. वेनिंगला ते बघवेना.

बू एन्डांगने तिच्यापुढे कागद सरकवला. "फक्त वाचायचं. शांतपणे. भावनेच्या भरात नाही."

वेनिंगने वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. कागदावर लिहिलं होतं की दुष्काळी परिस्थितीमुळे पाहुण्यांना दिलेलं पाणी अंघोळीच्या लायकीचं नव्हतं, त्याबद्दल आमचं कुटुंब मनापासून माफी मागतं. मी रागाच्या भरात व्हिडिओ टाकला, तो काढून टाकीन आणि या विषयावर पुन्हा काही टाकणार नाही. जोवांकाच्या कागदात एकच ओळ होती, कुणाची मनं दुखावली असतील तर क्षमा असावी.

"हे कुणी लिहिलं?"

"दोन्ही बाजूंचा मान राहील असं लिहिलंय," बू एन्डांग म्हणाल्या.

"कुठल्या दोन? मला इथे एकच दिसतेय." वेनिंग उठून टेबलाच्या पलीकडे गेली आणि जोवांकासमोर उभी राहिली. "जोवांका. तो ड्रम कुणाचा होता?"

"वेनिंग, प्लीज समजून घे ना. मला रोज धमक्या येतायत. मी जेवत नाहीये. भाऊ शाळेत जात नाहीये."

"ते वाईट झालं. ते करणाऱ्यांना मी ओळखतही नाही. मी विचारलं, ड्रम कुणाचा होता?"

जोवांकाने बाईंकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "बकऱ्यांचा."

"ऐकलंत?" वेनिंग लुराहांकडे वळली. "ऐकलंत सगळ्यांनी? आता हेच कॅमेऱ्यासमोर."

"हे आपल्या आपल्यात झालं," बू एन्डांग म्हणाल्या. "कॅमेऱ्यासमोर इतक्या तपशिलात जायची गरज नाही. तिचं पदवीचं वर्ष आहे."

"मी मुद्दाम नाही केलं," जोवांका एकदम बोलली. तिचा आवाज फुटला. "तुझ्या आईच्या रांधण्याचा व्हिडिओ मी टाकला होता, चांगला, मनापासून केलेला. कुणी ढुंकून बघितला नाही. लोकांना चांगलं नको असतं. तुला नाही का ठाऊक? तूही रोज म्हणतेस ना, तीनच उरलेत, तीनच उरलेत. तेही खोटंच असतं."

वेनिंगला ते लागलं.

"मी हिजाब विकते," ती म्हणाली. "तू माझी आई विकलीस."

"पुरे," जोवांकाचे वडील म्हणाले. "लुराह, आम्ही इथे अपमान करून घ्यायला आलेलो नाही. सही होणार आहे की मी फोन लावू?"

"होणार, होणार," लुराह म्हणाले. "नडुक, बस. चोर कोण, साव कोण, हे नंतर. आधी सही."

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर संन्याशाने सही करायची! मी नाही करणार. लावा फोन. कुणाला लावायचा त्याला लावा." तिने खाऊचं खोकं हाताने उडवलं. केळीच्या पानातला भात जमिनीवर लोळला. आई वाकून तो उचलायला लागली, आणि ते वाकणं बघून वेनिंगचं डोकं पार फिरलं. "उचलू नकोस, म्बोक! कुणाचं काही उचलू नकोस!" असं ओरडून ती बाहेर पडली, स्कूटर चालू केली आणि सरळ निघाली.

कुठे जायचं तिला माहीत नव्हतं. डोंगराच्या धारेवर, जिथे फोनला चांगली रेंज मिळते म्हणून संध्याकाळी पोरंपोरी जोडीजोडीने बसतात, तिथे ती एकटी बसली. साऱ्यांवर राग काढून झाला. जोवांकावर, बाईंवर, घड्याळ बघणाऱ्या त्या बापावर, मऊ लुराहांवर, मेंऽऽ करणाऱ्यांवर आणि तिच्या बाजूने शिव्या देणाऱ्यांवर. मग उरली आई. आईला तिथे त्या सगळ्यांत एकटी सोडून आपण आलो, हे तिला उन्हं कलताना सुचलं, आणि नेमका तेव्हाच फोन थरथरला.

खुलासा आला होता. विद्यापीठाच्या खात्यावर.

टेबल, झेंडा, हवालदार. मध्ये हिरव्या गणवेशात तिची आई. तिसरीपर्यंत शिकलेली आई कागदावर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती, अडखळत, मध्येच थांबून परत मागे जात. "आमच्या घरी... पाहुण्यांना दिलेलं पाणी... अंघोळीच्या लायकीचं नव्हतं." हात तोंडावर न्यायची सवय झालेली, पण हातात कागद होता, म्हणून दात सगळ्यांना दिसत होता. वाचून झाल्यावर जोवांका तिच्या गळ्यात पडली. लुराहांनी टाळी वाजवली. खाली बदामांचा पाऊस पडत होता. "किती निरागस!" "चला, मिटलं एकदाचं." "म्हणजे पोरगीच खोटं बोलत होती तर." "मेंऽऽ, पण प्रेमाने."

वेनिंग घरी कशी आली तिचं तिला ठाऊक. आई गोठ्यापाशी बकऱ्यांना पाला टाकत होती, गणवेश अजून अंगावरच.

"तू खोटं बोललीस," वेनिंग दारातूनच ओरडली. "सगळ्या जगासमोर! ते पाणी लायकीचं नव्हतं म्हणालीस! आता मेल्यावरसुद्धा लोक तुला हेच म्हणतील, कळतंय का तुला? मी तुझ्यासाठी भांडले आणि तू त्यांच्या ताटाखालचं मांजर झालीस!"

"आवाज खाली कर, बकऱ्या बुजतात," आई म्हणाली. तिने पाला टाकून संपवला, हात झटकले. "बोलले. खोटं बोलले. मला कळत नव्हतं असं वाटतं तुला?"

"मग का?"

"ते तुझ्यावर केस करणार होते."

"करू दे की!"

"तुला चालेल. मला नाही चालणार." आई दगडावर बसली. "तू गेलीस आणि तो गाडीवाला उठला. लुराहांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, मी करते सही. मी आई आहे, आईने केली म्हणजे घराने केली. त्यांना पटलं. लुराह म्हणाले, बरोबर, घरातलं मोठं माणूस बोललं की झालं. त्या बाईंनी तुझं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. मी म्हटलं, आपण कुटुंबासारखं मिटवतोय ना, मग त्यांच्याकडूनही लिहा की तुगिनेमच्या कुटुंबातल्या कुणावर तक्रार नाही. घाईत होता तो, त्याने केली सही."

वेनिंगचं लक्ष तिच्या तोंडाकडे लागलं.

"कागदात काय आहे, वाचलंस ना तू?" आई म्हणाली. "खाली सही करणार व्हिडिओ काढून टाकेल आणि पुन्हा टाकणार नाही. खाली सही कुणाची? माझी. मी आयुष्यात कधी व्हिडिओ टाकलाय? माझ्याकडे तर फोनपण नाही." ती हसली नाही. "तू कुठेही सही केलेली नाहीस. तुझं तोंड कुणी बांधलेलं नाही. बांधलंय ते माझं."

वेनिंग तिच्याजवळ खाली बसली. राग होता तसाच होता, फक्त त्याला आता कुठे जावं कळत नव्हतं. "ते फसवलं म्हणतील," ती एवढंच म्हणाली. "उद्या परत येतील."

"येतील तेव्हा बघू. दाखव मला ते. मी कसं वाचलं ते मला बघायचंय."

तिने दाखवलं. आई फोन दूर धरून बघत होती. तिचा स्वतःचा आवाज गोठ्यात घुमला, अंघोळीच्या लायकीचं नव्हतं. "परत लाव," आई म्हणाली. परत लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः बोटाने मागे नेलं. मग तिने फोन वेनिंगच्या हातात दिला.

"तू झालीस तेव्हा असाच कोरडा महिना होता," ती म्हणाली. "बाळंतिणीला न्हायला मिळालं नाही तेवढं पाणी ती पोरगी एका वेळेला अंगावर ओतायची. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकायची. एकेक तांब्या ऐकायची. वाटायचं, आता थांबेल, आता थांबेल. थांबायची नाही. गाणं म्हणायची. एकदासुद्धा बोलले नाही मी. पाहुणी होती." तिचा आवाज बदलत गेला. वेनिंगने तो कधी ऐकला नव्हता. "आणि निघताना माझ्या पोटाशी बिलगून रडली. आज परत बिलगली. माझं पाणी तिच्या केसांत होतं, आणि मला म्हणायला लावलं ते लायकीचं नव्हतं. धर तो फोन."

"तू बोलणार?"

"मी कशी बोलू? लिहून दिलंय मी, शब्द दिलाय. मी नुसती बसते. बोलायचं तू."

वेनिंगने ओढणीच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसली. ड्रमावर एक वीट ठेवली, विटेला फोन टेकवला. आई दगडावर ताठ बसली, हिरवा गणवेश सारखा केला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"कुठून सुरू करू?"

"टाकीपासून कर. सगळं सांग, काही ठेवू नकोस. नावं घे, माझंही घे. आणि शिव्या देऊ नकोस, बाईमाणसाला शोभत नाही."

वेनिंगने लाल बटणाकडे बोट नेलं.

"थांब," आई म्हणाली. तिने क्षणभर विचार केला. "एक दे. एकच. पण सणसणीत दे."